अर्ज कोनं भरला

—नाई, तिथं नोका बसू साहेब, त्या पेटीवर नोका बसू, पुस्तकं हायेत त्यात. इकडं या, या बाकड्यावर बसा, एक पाय हालते त्याचा, पन मानूस पडत नाई. अन् ते हातातलं पुस्तक खाली ठेवा. मी म्हंतो खाली ठेवा. फाटलेलं नाई ते, फाडलेलं हाये— उंदरानं केलं ते फाटलं, म्या केलं ते फाडलं, बराबर ब्लेड लावून, शिवनीवरून, एक अक्षर कटलं नाई. तुम्ही वर्ध्याच्या बापूजीकडून आले काय? त्यायनं देल्लेली पुस्तकं आम्ही कशी ठेवली ते पाहाले? नाई? मंग कोनाकडून? ...बरं. सांगत नसान त नोका सांगू. म्या सतरा वर्सं कापडाच्या मिलमंदी काढली, साचेखात्यात, मशीनीवर, मले मानूस बुटावरून समजते. दारातून शिरले तवा मी जयभीम म्हटला, तुम्ही नमस्कार म्हटलं. म्हना, माही मनाई नाई. पन आयतवारी सकाळी, मिलले सुट्टी, पोट्टे नदीवर बोरं वेचाले गेले, असा येळ पाहून एक मानूस चामड्याची थैली घेऊन आमच्या वस्तीत येते, अन् सिद्धा विचारते वाचन मंडळ कुठं हाये म्हून— त मी काय समजाचं? हिंगनघाटात पाहाले काय दुसरं काई नाई? आमचं मंडळ म्हंजे ही खोली. पह्यले तालीम होती. ह्या भिंतीले तेलाचे हात दिसून राह्यले ना, ते कुस्तीवाल्यायचे. आता कुस्ती नाई होत. आता वाचतात.

विचारलंच तुम्ही त सांगतो काऊन फाडलं. पुस्तक एक अन् वाचनारे आठ. एकाचं होयेपरेंत दुसऱ्यानं काय तोंड पाहाचं? पाळीपाळीनं घरी नेलं असतं त आठव्याच्या हातात येयेपरेंत दोन महिने गेले असते, अन् घरं कशी— कोनाचं छप्पर गळते, कोनाच्या घरी बकरी हाये. बकरीनं आमचं एक व्याकरन खाल्लं, पुठ्ठ्यासकट. म्हून म्या आठ तुकडे केले. एकेक तुकडा वेगळा शिवला, वरून कापडाच्या गठानीचा जाडा कागद लावला, एक ते आठ आकडे टाकले. शिवाचं सूत मिलचं हाये, पन फेकलेलं, झाडनारनीच्या टोपलीतलं, ते काई तुम्ही लेहू नोका. चिठ्ठ्या टाकाच्या. ज्याले जो तुकडा निंघाला तो त्यानं हप्ताभर वाचाचा— कोनाले पह्यला, कोनाले एकदम पाचवा, मागचं-पुढचं काई मालूम नाई. अन् आयतवारी दुपारी लाइनीनं बसाचं, एकापासून आठपरेंत, अन् आपल्या तुकड्यात काय झालं ते उभं राहून सांगाचं. पाहून नाई. तुकडा मांडीखाली. तसं सांगता सांगता पूर्न पुस्तक सगळ्यायचं होऊन जाते. हे मले कोनी शिकवलं नाई, मी चौथी पास मानूस, हे माह्यंच हाये.

पह्यलं पुस्तक होतं ते जहाजाचं. एक कप्तान अन् त्याचं जहाज, अन् तुफान. आमच्यातल्या कोनं समुद्र पाह्यला? पन आठवा तुकडा सुलोचनाले निंघाला, त्यात कप्तान मरते. म्हंजे तिले पह्यल्याच दिवशी मालूम. मंग सगळे मांगं लागले— सांग व, सांग, वाचते का मरते— कोनं शेंगा आनल्या, कोनं चिंच आनली. तिनं शेंगा खाल्ल्या, चिंच खाल्ली, अन् हप्ताभर एक शब्द नाई सांगितला. अन् त्याच पुस्तकात हरिदासनं मले फसवाचं पाह्यलं. तुकडा वाचलाच नाई लेकानं, उभा राह्यला अन् जहाज आनून वना नदीत सोडलं. म्या म्हटलं, गाढवा, वनेत गुडघाभर पानी नाई अन् तुह्यं जहाज कुठून येते? काऊन सापडला? काऊन की म्या आठही तुकडे आंधी सोता वाचलेले असतात. मी कोनावर भरोसा ठेवत नाई. पोट्ट्यायवर बी नाई अन् पुस्तकावर त बिलकूल नाई.

हसू नोका. माही बायको बी हसते. धुरपता म्हनते, तुमाले पान्याच्या लोट्यावर बी शक येते. येते. आता हे बापूजी— वर्ध्याचे, चांगला मानूस हाये, खादीवाला, मी वाईट म्हनत नाई— त्यायनं पेटीभर पुस्तकं पाठवली, बैलगाडीनं, फुकट. फुकट काऊन? आपल्या घरचं चांगलं पुस्तक दुसऱ्याच्या लेकराले कोन देते? म्या पेटीले पोट्ट्यायचा हात लागू देल्ला नाई. दोन महिने, पाळी सुटली का इथं येऊन एकेक पान पाह्यलं. त्यात पोथ्या निंघाल्या दोन, त्या म्या परत पाठवल्या, आम्ही नागपूरले दीक्षा घेऊन आलो, आम्हाले पोथ्या कायले? अन् एका पुस्तकात निंघाली एक गोष्ट, आमच्या लोकायची टिंगल करनारी. दोन पानं. माह्या अंगाचा भडका झाला. पन पुस्तक बाकी चांगलं, म्हून त्या दोन पानायवर म्या खळ लावून कागद चिकटवला. झालं काय? पोट्ट्यायनं पान्याचा हात लावून लावून कागद सोडवला. पूर्न पुस्तकात तेवढीच दोन पानं मळलेली हायेत, पाहा पाह्यजे त. म्या विचारलं कोनं केलं. सुलोचना उभी राह्यली. म्हने, मास्तर, तुम्ही झाकलं म्हून आम्ही वाचलं. म्या म्हटलं, मंग काय भेटलं? म्हने, राग आला, रडू आलं, पन मेलो नाई आम्ही. तेरा वर्सांची होती तवा. मी मास्तर थोडीच हावो, लोकायनं नाव पाडलं म्हून मास्तर.

काय? रजिस्टर? ...कायचं रजिस्टर? पोट्ट्यायच्या नावाचं? नाई. आमच्याकडं असं काई नाई. हे काय सरकारी वाचनालय हाये? येतात, वाचतात, जातात. कोन येते कोन जाते मी लेहून ठेवत नाई. अन् तुमाले नावं कायले पाह्यजेत? पुस्तकं पाहाले आलते ना तुम्ही? मंग पुस्तकं पाहा. घरी पिठाच्या डब्यात काई— नाई, डब्याचं मी काई नाई बोललो. घरी पीठ असते डब्यात, दुसरं काय असनार? पाहा साहेब, असे पाहू नोका माह्याकडं. बरं, होतं. होतं एक रजिस्टर. दीक्षा घेऊन आलो त्या दुसऱ्या आयतवारी म्या नवी वही आनली, लाल पुठ्ठ्याची, अन् पोट्ट्यायले म्हटलं, लेहा आपल्या हातानं— नाव, बापाचं नाव, वर्ग, धर्म. अन् आठायनं लेहलं, बौद्ध. अशी अक्षरं काढली, जशी कोनी बोर्डावर काढते. हरिदासनं दोनदा लेहलं, एकदा कमी वाटलं म्हने. नत्थू— म्हंजे सुलोचनाचा बाप, कापसाच्या जिनात रेच्यावर, सरकी काढाच्या मशीनवर, काम करते— त्याले लेहता येत नाई, तो ह्या दारात उभा राहून पोरीचं लेहनं पाहत होता अन् डोळे पुसत होता. मले त्या दिवशी वाटलं, सतरा वर्सं माह्या कानात त्या साच्यायचा आवाज बसला तो गेला. तेवढं चांगलं वाटलं. त्या वहीले लपवाची पाळी येईन, हे कोनाले मालूम होतं?

पेन्सिल ठेवा. म्या म्हटलं ठेवा पेन्सिल, मंग सांगतो. तुमच्या पेन्सिलीनं माह्यं तोंड बंद होते. ...हं. आता तुम्ही शिकलेले, तुमाले मालूमच हाये शाळेचं. शाळेच्या अर्जावर एक खाना असते. त्यात जुनी जात लेहली त फी माफ, पुस्तकं भेटतात, सवलत चालू. बौद्ध लेहलं त ऑफिसवाले म्हंतात, तुम्ही आता त्यायच्यातले नाई राह्यले, तुमची सवलत गेली. म्हंजे धर्म बदलला, घर बदललं नाई, छप्पर तेच, बाप तोच, रेचा तोच— पन कागद म्हंते तुम्ही आता मोठे झाले. मंग मानसानं काय कराचं? वस्तीत सगळ्यायनं काय केलं? इथं लेहलं बौद्ध अन् तिथं लेहलं— ते नाव मी ह्या खोलीत घेत नाई. इथं एक, तिथं एक. आमच्यातले सहा पोट्टे तसेच शिकून राह्यले, मी कोनाचं नाव नाई घेत, सहा म्हटलं, कोनते सहा ते नाई म्हटलं. लबाडी म्हना. म्या कोनाले विचारून केली ही लबाडी? पोटाले विचारून केली. सतरा वर्सं मी मिलमंदी पाहून राह्यलो, चौथीतून निंघालेलं पोट्टं सिद्धं झाडनारनीमांगं लागते, अन् मंग तिथंच म्हातारं होते. मले ते पाहाचं नाई आता.

अन् त्यात कोनी तरी चुगली केली. नाई त ऑफिसले कसं मालूम पडनार? मांगच्या महिन्यात हेडमास्तरानं सुलोचनाले बोलावलं, दोन घंटे बसवलं, एकच सवाल— अर्ज कोनं भरला? नत्थू घाबरत घाबरत मले सांगाले आला. मले तवाच समजलं हे काम कोनाचं. चंद्रभान. चंद्रभान टेलर, ह्या गल्लीच्या तोंडावर त्याची मशीन हाये, तुम्ही त्याच्यासमोरूनच आले. त्यानंच तुमाले रस्ता सांगितला असन, नाई? ...हाव ना? मले मालूमच होतं. त्याची पोरगी मीरा, ती बी आमच्या आठात. पन चंद्रभाननं तिच्या अर्जावर खुल्लमखुल्ला बौद्ध लेहलं. सवलत गेली. आता राती-बेराती मशीन चालवून फी भरते, डोळे गेले त्याचे. माह्या मनात आलं, याचं गेलं, दुसऱ्यायचं राह्यलं, हा जळला. दुसरा कोन सांगन? म्या त्याच्याशी बोलनं बंद केलं. शर्टाले काज कराचं होतं ते बी दुसऱ्या गल्लीत नेऊन केलं. अन्— अन् त्या आयतवारी मीरा आपला तुकडा सांगाले उभी राह्यली, तिसरा तुकडा तिचा, तवा म्या सगळ्यायसमोर तिच्या बसाच्या जागेवरचा तुकडा उचलून घेतला. म्हटलं, तुह्या बापाले सांगजो, मास्तरले सगळं मालूम हाये. पोरगी रडली नाई. चपला बी राह्यल्या तिच्या इथं, तशीच निंघून गेली. नाई, पोरीचा काय कसूर? काई नाई. पन घरात साप निंघाला त मानूस बिळं पाहते, कोनतं बीळ कोनाचं हे नाई पाहत.

आता आठ तुकडे अन् सहा पोट्टे. काऊन म्हंजे? मीरा गेली अन् सुलोचना बी येत नाई. आयतवारी जिन बंद, त कापूस वेचाले जाते मायसोबत, म्हून येत नाई. दुसरं काई कारन नाई. काई नाई म्हटलं ना. तिसरा तुकडा कोनी सांगत नाई, सहावा सुलोचनाच्या वाटचा, तो बी कोनी सांगत नाई, तिथं आलं का सगळे चूप बसतात, अन् मंग चौथ्यावाला उठते अन् सांगाले लागते, पन गोष्ट लागत नाई. म्या म्हटलं, मी सांगतो ते दोन. म्हंतात, नाई मास्तर, राहू द्या. लेकरं बी मले तिरपं पाहाले लागली.

सुलोचनाचं काय विचारून राह्यले तुम्ही सारखं? हुशार हाये. शाळेत पह्यली येते, मुलींत नाई, सगळ्यायत. मायचं नाव जयवंता, माय-बाप दोघं जिनात, पोरगी दहावीत. आमच्या वस्तीतून एक बी मुलगी मॅट्रिक झाली नाई आजपरेंत. ही होईन. झाली पाह्यजे. म्हून मी तिले म्हटलं होतं, जून महिन्याची गोष्ट, पोरी, अर्ज भर अन् खान्यात जुनं लेहून दे, सगळे लेहतात, वरतून इथं आपल्या वहीत हायेच ना खरं. त ती म्हने, मास्तर, दोन वह्यायत दोन धर्म, मंग मी कोनत्या वहीतली? म्या म्हटलं, तू दोन्हीतली. म्हने, नाई. नाई म्हंजे नाई. इथंच उभी होती, त्या खांबापाशी. म्हने, ज्या दिवशी मी लेहलं तवा बाबा रडले, ते काय फुकट रडले? मले राग आला. म्या म्हटलं, रडून फी भरत नाई. ते म्या नाई बोलाले पाह्यजे होतं. पन बोललो. ती गेली अर्ज इथंच ठेवून, कोरा. आखरी तारीख दुसऱ्या दिवशी. बरं, मंग काय, अर्ज कोनं भरला मले नाई मालूम. नत्थूनं भरला असन. ...हाव, लेहता नाई येत त्याले, म्याच सांगितलं मघाशी. मंग कोनाकडून भरून घेतला असन. अंगठा त त्याचाच हाये ना? अंगठा त्याचा हाये, खोटा नाई. म्या म्हटलं, नत्थूभाऊ, इथं लावा, शाळेचं हाये, त्यानं लावला, काय हाये ते बी विचारलं नाई, माह्यावर—

—माह्यावर भरोसा म्हून.

झालं. बोलून गेलो. लेहलं काय? बिनपेन्सिलीचं बी लेहता वाटते तुम्ही. हाव, म्या भरला. माह्या हातानं, इथं बसून, याच बाकड्यावर. मले वाटलं कोनाले समजनार नाई, सवलत येईन, पोरगी शिकन, मंग कधी तरी सांगू. पन शाळेत सवलतवाल्या पोट्ट्यायची यादी भर वर्गात वाचतात, नाव अन् त्याच्यामांगं जात. हे मले मालूम नव्हतं. चौथीच्या पुढं मी कोनता वर्ग पाह्यला? मास्तर वाचत गेले अन् तिचं नाव आलं, अन् नावामांगं ते. सगळ्या वर्गासमोर. त्या दिवसापासून ती ह्या खोलीत आली नाई. रस्त्यात भेटली त पदर सावरून बाजूनं जाते, जशी कोन्या परक्या मानसाच्या बाजूनं जाते. भांडली असती त बरं होतं. ती भांडत नाई.

आता काय काढून राह्यले थैलीतून? कागद? आना. चंद्रभानची अर्जी हाये ना? मले मालूमच होतं. अक्षर कोनाकडून लेहून घेतलं त्यानं— आना इकडं, मी वाचतो, हळू वाचतो पन वाचतो, चश्मा थांबा. हं. "माननीय महोदय, विनंती विशेष. मी इयत्ता दहावीची विद्यार्थिनी." विद्यार्थिनी? मीराच्या नावानं लेहलं वाटते. "माझ्या सवलतीच्या अर्जात माझी जात जुनी लिहिली आहे. ती खरी नाही. आम्ही सर्वांनी दीक्षा घेतली आहे. अर्जातले अक्षर माझे नाही व माझ्या वडिलांचेही नाही, त्यांना लिहिता येत नाही." ...थांबा. हे अक्षर— हे त मीच शिकवलेलं अक्षर हाये. "ज्यांनी लिहिले त्यांनी माझ्या भल्यासाठी लिहिले. त्यांचे नाव मी सांगणार नाही, कृपया विचारू नये. माझी सवलत बंद करावी. पण माझे नाव शाळेतून काढू नये. फी मी सुट्टीत जिनात काम करून भरीन." अन् खाली सही. सुलोचना. सुलोचना नत्थू.

तारीख काय हाये? चश्म्यात पानी आलं, मले आकडा दिसत नाई, तुम्ही सांगा. ...ऑगस्ट? ऑगस्टमंदीच लेहलं? म्हंजे हेडमास्तरानं बोलावलं त्याच्या कितीतरी आंधी. म्हंजे कोनीच चुगली नाई केली. चंद्रभाननं नाई केली. तिनंच लेहलं, सोता. अन् दोन घंटे त्या खोलीत बसली, सवाल तोच, अर्ज कोनं भरला, अन् तिनं नाव नाई घेतलं. तुम्ही हे आंधी काऊन नाई दाखवलं मले? एक घंटा झाला मी बोलून राह्यलो. ...म्या बोलू देल्लं नाई? हाव. नाई देल्लं. तुम्ही दारात आले तवाच म्या ठरवून टाकलं तुम्ही कोन ते. अन् तुम्ही सवलतीच्या ऑफिसातून फक्त हिच्यासाठी आलते? एवढंच विचाराले, अर्ज कोनाच्या हातचा? बाकीच्या सहायचं तुमाले मालूमच नव्हतं? वहीचं बी नाई?

ते म्याच सांगितलं.

चंद्रभाननं नाई, सुलोचनानं नाई. म्या. माह्या तोंडानं. तिनं दोन घंट्यात एक नाव नाई देल्लं अन् म्या एका घंट्यात सहा देल्ले, डब्यासकट. अरे बापा. काय मानूस हावो मी. ...पेन्सिल काऊन ठेवून राह्यले? नाई, ठेवू नोका. काढा. आतापरेंत नोका लेहू नोका लेहू म्हनत होतो, आता म्हंतो लेहा. तुमाले दया आली असन त ती पोरीवर करजा, तिचं नाव शाळेतून काढू नोका, तिनं तेवढंच मांगितलं हाये. लेहा. सात अर्ज, सातही एकाच मानसानं भरले. पोट्ट्यायले मालूम नव्हतं, मायबापाले मालूम नव्हतं, अंगठे त्यानं फसवून घेतले. खरं काय अन् खोटं काय ते माह्यं मी पाहीन, तुम्ही लेहा. नाव— श्रावण गोमाजी. राहनार हीच वस्ती. काम मिल, साचेखातं. अन् आता तुम्ही विचारसान खान्यातलं. विचारा, घाबरू नोका. मिलच्या कार्डावर अजून जुनंच हाये, खरं सांगतो, पोट्ट्यायकडून लाल वहीत लेहून घेतलं अन् सोताचं कार्ड तसंच ठेवलं, दोन वर्सं झाली, जॉबरले, आमच्या खात्याच्या मुकादमाले, भेऊन. ते उद्या पह्यली पाळी सुटली का मी बदलून घेईन. तुम्ही आज त्या खान्यात बौद्ध लेहा. लेहलं? दाखवा. अक्षर जरासं मोठं पाह्यजे होतं. बरं, चालते.

आता उठा साहेब. नाई, चहा नाई, धुरपता घरी नाई, अन् मले कुलूप लावाचं हाये. सुलोचनाच्या घरी जाची मले अजून छाती नाई, ते खरं. मी आंधी चंद्रभानच्या घरी जाऊन राह्यलो. तुम्ही मांगच्या गल्लीनं निंघा, मले त्याच्यासमोर एकट्यालेच जाचं हाये. उठा.